दोन झाकणं फिनेल

आमच्या नेरूळच्या फ्लॅटची फरशी बघून पाहुणे म्हणायचे, "इथे जेवायला ताट कशाला हवं!" मला ते फार आवडायचं. खोटं कशाला बोलू, चारचौघांत मीच तो विषय काढायचे.

सासूबाई गेल्या आणि त्यांचा कुत्रा मागे राहिला. तपकिरी, गावठी, एक कान पडलेला. बिल्डिंगच्या जिन्याखालून त्यांनीच उचलून आणलेला, तेव्हा मी नाक मुरडलं होतं. त्या गेल्यावर सासऱ्यांचं बोलणंच आटलं. आमच्याशी 'चहा दे' आणि 'पेपर आला का' एवढंच. कुत्र्याला मात्र रोज सकाळी अख्खा पेपर मोठ्याने वाचून दाखवायचे, अगदी मार्केटातल्या कांद्याच्या भावासकट. तोही शहाण्यासारखा फरशीवर पोट टेकून ऐकायचा.

एकदा लिफ्टमध्ये समोरच्या काकूंनी नाकाला ओढणी लावली. "हल्ली मजल्यावर वास येतो हो." झालं! माझा पारा चढला. माझ्या घराला वास? बादलीत एक झाकण फिनेल घालायचे, ते दोन घालायला लागले. सकाळी एकदा पुसायचे, ते संध्याकाळीही पुसायला लागले.

पंधरा दिवसांत कुत्र्याला खाज सुटली. बसला की खाजव, उठला की खाजव. पंजे चाटून चाटून लालभडक, पोटावरचे केस गेलेले. खाजेला कसला डॉक्टर, म्हणत मी खोबरेल तेल चोपडलं, कडुलिंबाच्या पाण्याने अंघोळ घातली. फरक शून्य. मग मी गुन्हेगार शोधला: सासऱ्यांची बिस्किटं. चहाबरोबर अर्धं त्यांचं, अर्धं त्याचं, असा रिवाज होता.

"बाबा, तुम्हीच बिघडवलंत त्याला. गोड खाऊन खाज सुटलीय. आजपासून बंद!"

बाबांनी हातातलं अर्धं बिस्कीट परत डब्यात ठेवलं. मला कसंतरीच झालं, पण माघार घेईन तर ती मी कसली.

खाज थांबेना. शेवटी नवरा म्हणाला, पनवेलकडच्या मित्राचं मोकळं आवार आहे, मातीत राहील तर बरा होईल; रविवारी सोडून येऊ. बाबा 'बरं' म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून पेपर मनातल्या मनात वाचायला लागले. घर इतकं गप्प झालं की फ्रिजची घरघर ऐकू यायची.

शनिवारी मला राहवेना. म्हटलं, पाठवायच्या आधी एकदा डॉक्टरांना तरी दाखवू. बाबा कुत्र्याला मांडीवर घेऊन रिक्षात बसले.

डॉक्टरीणबाईंनी त्याला उताणा केला. पोट, काखा, बोटांच्या बेचक्या, सगळं लाल. मग पालथा केला. "पाठ बघा, स्वच्छ आहे. पिसवा नाहीत, खरूज नाही. जिथे जमिनीला टेकतो तिथेच आहे. झोपतो कुठे?"

"फरशीवर."

"फरशी कशाने पुसता?"

"फिनेलने!" मी अभिमानाने सांगितलं. "दोनदा. दोन-दोन झाकणं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "ते त्याच्या कातडीला झोंबतंय. वर तो चाटतो, म्हणजे पोटातही जातंय. आधी ते बंद करा. नुसत्या पाण्याने पुसा. बाहेरून आला की पंजे धुऊन कोरडे करा, तेलबिल काही लावू नका. खाज कमी व्हायला औषध देते."

"आणि बिस्किटं?"

"रोज नकोत. पण ही खाज बिस्किटांनी नाही आलेली."

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर कोण, तर मी! बाबांकडे बघायची हिंमत होईना.

रिक्षात बसल्यावर म्हटलं, "बाबा, चुकलं माझं."

"तू काय मुद्दाम केलंस?" ते त्याचा पडलेला कान कुरवाळत राहिले. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्या न्यायचंच का गं त्याला?"

इतके दिवस या माणसाने एवढं साधं विचारलंही नव्हतं, माझ्या भीतीने.

"कोण नेतो ते बघतेच मी!" मी इतक्या जोरात म्हटलं की रिक्षावाल्याने मागे वळून पाहिलं.

फिनेलची बाटली त्याच दिवशी घराबाहेर गेली. फरशीवर आता पंजांचे ठसे दिसतात. काकूंनी पुन्हा नाकाला ओढणी लावली, तर मी म्हटलं, "असू दे हो."

तीनेक आठवड्यांनी बाल्कनीतून हाक आली. "अगं, इकडे ये! लवकर ये!" बाबांचा असा मोठा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. ओल्या हातांनीच धावले. कुत्रा उताणा पडला होता आणि त्याच्या पोटावर बारीक, तपकिरी लव उगवली होती. बाबांनी माझं बोट धरून त्यावरून फिरवलं. मला रडू आलं, त्यांनाही.

मग त्यांनी पेपर उघडला आणि पहिल्या पानापासून मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पुसायचं तसंच टाकून मीही तिथेच फरशीवर बसले, कांद्याच्या भावापर्यंत.