आउलिस आणि तळ्यावरची चाकोरी

पायुलाम्पी गावात माणसाने बायको सोडली, दारू पिऊन बोट बुडवली, तरी गाव समजून घेतं. स्कीच्या चाकोरीवरून पायी चालून खड्डे पाडले की मात्र संपलं. आणि संपलं हे सांगायला आउलिस होताच.

आउलिस म्हणजे एकाहत्तर वर्षांचा निवृत्त सुतार. तळं गोठलं की जुन्या स्नो-स्कूटरमागे वजनदार सांगाडा ओढत तो काठाकाठाने बर्फात दोन समांतर खाचांची चाकोरी पाडायचा. हे काम त्याला कुणी दिलं नव्हतं, त्यामुळे कुणाला काढूनही घेता येत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी शेजारची लेम्पी कुत्र्याला घेऊन त्यावरून चालली, तेव्हापासून त्याने तिच्याशी बोलणं टाकलं. लेम्पीला हे कळायला दोन हिवाळे गेले, कारण आधीही तो फारसं बोलत नसे.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी, उणे अठरा अंशांत, तळ्याच्या पार पलीकडच्या टोकाला त्याच्या डाव्या स्कीचा खटका तुटला. बूट काही केल्या स्कीवर बसेना. घर समोर दिसत होतं. दाबून टणक झालेल्या चाकोरीवरून चालत निघाला असता तर दहा मिनिटांत कॉफी पीत बसला असता. बाजूच्या मऊ बर्फाखाली मात्र न गोठलेलं पाणी साचलं होतं. गेल्याच वर्षी डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गारठलेल्या पायाची दोन बोटं कशीबशी वाचवली होती आणि पुन्हा भिजलास तर कापावी लागतील, असं बजावलं होतं.

आउलिसने विचार केला. म्हणजे काठावर लेम्पी आहे का ते पाहिलं. होती. कुत्र्यासकट.

झालं. स्की खांद्यावर टाकून, तिच्या काठ्या हातात धरून गडी चाकोरी सोडून बाजूला उतरला. विसाव्या पावलाला गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला, तिसाव्याला डावा पाय जो रुतला तो निघेना. तत्त्व कोरडं राहिलं, बूट तेवढा भरला.

बोटं बधिर व्हायला लागली तेव्हा तो मनातून चांगलाच घाबरला. हाक मारावी असं बऱ्याचदा वाटलं. मारली नाही.

लेम्पी आपणहूनच आली. थेट चाकोरीवरून, जाड बूट दाणदाण आपटत.

"चाकोरीवर आहेस तू," तो म्हणाला. नऊ वर्षांतलं पहिलं वाक्य.

"अरे वा, वाचा फुटली," ती म्हणाली. "काठी दे इकडे."

"बाजूने आली असतीस तर?"

"तर दोघंही इथंच रुतून गप्पा मारत बसलो असतो. तुझ्याशी गप्पा म्हणजे, देवा. दे काठी, माझी कॉफी निवतेय."

त्याने काठी पुढे केली. तिने ओढलं, कुत्र्याने भुंकून हातभार लावला. त्याला चाकोरीवर उभं करून ती म्हणाली, "हं, चल पुढे. रडायचं तर रड, पण भराभर चाल."

तो चालला. रडला नाही; नाक तेवढं दोनदा पुसलं. बोटं वाचली.

दुसऱ्या दिवशी आउलिस फावडं घेऊन तळ्यावर हजर. आपल्या पावलांचा एकेक खड्डा त्याने भरला, हाताने थापून सारखा केला. लेम्पीची पावलं मात्र तशीच राहू दिली.

दुपारी दुकानात एस्कोने त्याला गाठलं. एस्को दुकान चालवतो आणि उरलेल्या वेळात गाव. "आउलिस, चाकोरीवरून कुणीतरी चाललंय."

"एल्क हरीण असेल."

"बूट घालून?"

"यंदा थंडी फार आहे," आउलिस म्हणाला.