सुईवाल्याची बायको

कृष्णाबाई पनवेलच्या एका प्रसूतिगृहात नर्स होती आणि तिचा नवरा तुळशीराम गावोगाव सायकलवरून सुया टोचत हिंडायचा. कधीकाळी तो एका दवाखान्यात कंपाउंडर होता. तेवढ्यावर गव्हाणपासून उरणच्या रस्त्यापर्यंत लोक त्याला डॉक्टरदादा म्हणत. माणसं बरी होतात ना, मग झालं, असं तिला वाटायचं.

एकसष्टच्या उन्हाळ्यात गव्हाणची शकू आली. मिठागरात राबणारी, सातवा महिना, अंगात ताप. तिच्या लघवीचं भांडं उचललं तेव्हा कुजका वास नाकात घुसला. तळाशी पू साचला होता.

"किती दिवस झाले?"

"दोन म्हैने. डाक्टरदादांची सुई घेतली का दोन दिस बरा वाटतं, मंग परत जलजल."

प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंनी स्ट्रेप्टोमायसिन सुरू केलं. चार दिवसांत ताप हलला नाही. मग कृष्णाबाई लघवीची बाटली मासळीच्या बर्फात घालून एसटीनं निघाली आणि मुंबईच्या प्रयोगशाळेत देऊन आली.

अहवाल वाचून डॉक्टरीणबाई चिडल्या. "या जंतूंना स्ट्रेप्टोमायसिन लागू पडत नाही, सल्फाच्या गोळ्याही नाहीत. कुणीतरी थेंब थेंब औषध देऊन त्यांना निर्ढावून ठेवलंय."

संध्याकाळी तुळशीराम ओटीवर सुया भरत बसला होता.

"स्ट्रेप्टोमायसिनच्या एका बाटलीत चौघी भागवतो," तो कौतुकानं म्हणाला. "पोटुशीला भारी डोस कशाला?"

सुई त्यानं धोतराच्या सोग्याला पुसली. तिथं जुने पिवळट डाग होते. अकरा वर्षं ते धोतर कृष्णाबाईनंच धुतलं होतं आणि डाग कसले, हे कधी विचारलं नव्हतं. मोरीवर जाऊन ती भडाभडा ओकली.

"शकूचे जंतू आता औषधानं मरत नाहीत," ती तोंड पुसत म्हणाली. "तुमच्यामुळं."

"मग दुसरं औषध द्या!" तो हसला आणि हात न धुताच जेवायला बसला.

मुंबईहून आणलेल्या वेगळ्या गोळ्यांनी शकूचा ताप उतरला, पण मूल दिवस भरायच्या आधीच झालं आणि दोन दिवसांत गेलं. शकूला घरी पोचवायला गेली तेव्हा कृष्णाबाईनं पडवीत जमलेल्या बायांना सगळं सांगितलं.

शकूची सासू सोनाबाई फणकारली, "नवऱ्याचा वाईट सांगाया आलीस? दादांचा हात हलका हाय!"

तेवढ्यात बाहेर सायकलची घंटी वाजली. दोन गरोदर पोरी पदर सावरत उठल्या. कृष्णाबाई दारात आडवी उभी राहिली, तर त्या तिला बाजूला सारून गेल्या. तिला त्याची किळस आली, त्यांची आली, सगळ्यात जास्त स्वतःची आली.

त्याच आठवड्यात तिनं प्रसूतिगृहामागच्या खोलीत बिऱ्हाड हलवलं. तुळशीराम न्यायला आला.

"लोक काय म्हणतील?"

"तुम्हाला डॉक्टरच म्हणतील," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं.

पुढच्या वर्षी शकूला पुन्हा दिवस गेले. ती पहिल्याच महिन्यात प्रसूतिगृहात आली, सासूला न सांगता.