दर सुटीला नवा स्पेशालिस्ट

जगात डॉक्टर झालेली माणसं पुष्कळ आहेत, पण एम.बी.बी.एस. पूर्ण होण्याच्या आतच वैद्यकशास्त्राच्या यच्चयावत शाखांमधून निवृत्त झालेला माणूस एकच, आणि तो माझ्या बायकोचा धाकटा भाऊ आहे. नागपूरला मेडिकलला असताना दर सुटीत तो सिहोऱ्याला घरी जायचा आणि वाटेत तुमसरला आमच्याकडे उतरायचा. मी तिथल्या हायस्कुलात भूगोल शिकवत असे. दार उघडलं की आधी त्याची पिशवी आत येई, मग तो येई आणि त्याच्या पाठोपाठ नवी शाखा येई. दिवाळीत डोळ्यांचा डॉक्टर म्हणून परत गेलेला मुलगा संक्रांतीला हाडांचा होऊन यायचा आणि उन्हाळ्यात हाडं किती कंटाळवाणी असतात यावर माझी झोपमोड करून व्याख्यान द्यायचा. चहा तो उभ्याने प्यायचा, जेवताना दोनदा उठून अंगणात जाऊन यायचा, आणि चुकून खुर्चीत बसलाच तर पाय असा हलवायचा की टेबलावरचा रेडिओ आपणहून नागपूर सोडून रायपूर लावायचा.

शाखा कोणतीही असो, तिचा पहिला रोगी मी. डोळ्यांच्या सुटीत त्याने मला भर उन्हात धानाच्या बाजारात उभं केलं आणि लांबच्या अडत्यांच्या पाट्या वाचायला लावल्या. त्या बाजारातून मी रोज शाळेत जात होतो, पाट्या मला तोंडपाठ होत्या, त्यामुळे मी एकही चुकलो नाही. माझी नजर तालुक्यात अव्वल असल्याचा निर्वाळा देऊन तो नागपूरला गेला आणि महिन्याभरात मला भंडाऱ्याला जाऊन चष्मा करावा लागला. हाडांच्या सुटीत तो अभ्यासासाठी मिळालेला हाडांचा संच पिशवीत घालून एस.टी.ने आला. कंडक्टरने पिशवीला हात लावून विचारलं, "काय हाये जी थैलीत?" आमच्या मेहुण्याला खोटं बोलणं कधी जमलं नाही. तो म्हणाला, "माणूस." कंडक्टरने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, "मंग तिकीट काढा त्याचं."

सासरे धानाची शेती करणारे. आपला मुलगा तुमसरला राईस मिलसमोर दवाखाना टाकून बसेल, मिल सुटली की भुशाने खोकणारे हमाल रांगेनं येतील आणि तो रांगेनंच इंजेक्शनं देईल, एवढं साधं चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. दवाखान्याची पाटीसुद्धा त्यांनी आधीच रंगवून घेतली होती. वर नाव होतं आणि खाली जागा कोरी होती, कारण पेंटर दर सुटीत येऊन "खाली काय लिवू?" म्हणून विचारी आणि दर सुटीत त्याला वेगळं उत्तर मिळे. भुलीच्या डॉक्टरकीचं खूळ शिरलं त्या वर्षी सासऱ्यांचा धीर सुटला. "माणसाले झोपवाचं काम शिकाले इतके वर्ष?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे बोट दाखवून पुढे म्हणाले, "आमचे जवाई रोज वर्गातले सारे पोरं झोपवतेत, त्याईनं कोनतं कालेज केलं?" मी जावई असल्यामुळे हसलो.

इंटर्नशिपसाठी त्याची नेमणूक आमच्याच तालुक्यातल्या एका आरोग्य केंद्रात झाली आणि तिथे या भरकटलेल्या नावेला किनारा दिसला. एक बाई आपलं लहान लेकरू घेऊन आली. हातपाय सुजलेले, अंग पिवळं, हाडं दुखतात म्हणून रडरड. "वात हाये जी. माह्या जेठाच्या पोरालेबी असाच होता," ती म्हणाली. मेहुण्याने रक्ताचा थेंब काचेवर घेतला, त्यात औषध मिसळलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. दुसऱ्या दिवशी, रविवारी, माझी दुपारची झोप ऐन रंगात आलेली असताना त्याने मला गदागदा हलवलं. "भाऊजी, विळा! विळा!" कोणाला तरी धान कापताना लागलं असं वाटून मी टिंक्चरची बाटली शोधायला धावलो. मग त्याने समजावून सांगितलं. रक्तातल्या गोल पेशी या आजारात विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात, म्हणून हाडं ठणकतात. आईबापांपैकी एकाकडूनच दोष आला तर माणूस धडधाकट राहतो, त्याला पत्ताही नसतो. दोघांकडून आला तर मात्र लेकरू आयुष्यभर कण्हतं. "आपल्याकडे याला पिढ्यान् पिढ्या वात म्हणून राहिले, भाऊजी! कोणी मोजलंच नाही!" तो माझ्या पलंगाभोवती फेऱ्या घालत होता आणि त्याच्याकडे पाहून मला गरगरत होतं.

नागपूरच्या त्याच्या सरांनी त्याला शब्द दिला. दिल्लीच्या एका संस्थेत याच आजारावर संशोधनाची जागा निघणार होती. पुऱ्या घराण्यांचं, तीन तीन पिढ्यांचं रक्त पाहून वंशवेली काढून आणल्या तर जागा याची. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा एकच शाखा सलग तीन महिने टिकली, तेव्हाच मी ओळखलं की हे प्रकरण वेगळं आहे. दिल्लीचं नाव निघालं की त्याचा चेहरा असा उजळे की मला त्याची भीती वाटे. सासऱ्यांनी मात्र उलटतपासणी घेतली.

"संशोधन म्हनजे काय करतेत?"

"जे कोणालेच माहीत नाही ते शोधतेत, बाबा."

"मंग ते हाये म्हून तुले कसं माहीत?"

यावर तो उठून अंगणात गेला.

आता प्रश्न होता पुरं घराणं एका जागी गाठण्याचा. एकेका घराचा मामा सिहोऱ्याला, मावशी भंडाऱ्याकडे, आत्या बालाघाटच्या वाटेवर. पण आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. ज्या दिवशी ज्या गावची मंडई, त्या दिवशी त्या गावच्या साऱ्या लेकी, जावई, सोयरे तिथे हजर. नाचगाण्याची दंडार, पाळणे, जिलेबी, आणि घरोघर अंगणात जेवणावळी. मेहुण्याने ठरवलं की सूक्ष्मदर्शक घेऊन टेबल मांडायचं ते मंडईतच. कल्पना इतकी बिनतोड होती की मीही वाहवा केली. एक गोष्ट आम्हा दोघा शहाण्यांच्या ध्यानात आली नाही. मंडईत सोयरे जमतात ते नुसती जिलेबी खायला नाही. पोरी दाखवायच्या, पोरं पाहायची, कोणाचं कोणाशी जमतं याचा अंदाज घ्यायचा, सारं तिथेच चालतं. अशा ठिकाणी एक बिनलग्नाचा डॉक्टर टेबल मांडून बसतो आणि प्रत्येकाला विचारतो, "आईचं माहेर कोणतं? मामाची पोरगी कोठं देली? घरात लग्नाच्या किती?"

अर्ध्या तासात सिहोऱ्याच्या मंडईतला पाळणा रिकामा झाला आणि टेबलापुढे रांग लागली. बाप लोक मुलींना नवी लुगडी नेसवून आणत होते. न विचारता तीन काय, पाच पिढ्या सांगत होते, आणि मुलीला स्वयंपाक कसा येतो तेही सांगत होते. बोटाला सुई टोचायची म्हटल्यावर एक म्हातारी शेजारणीला समजावत होती, "शिकेल लोकायचं असंच ऱ्हायते वं. आपन पत्रिका पायतो, थे रक्त पायतेत." मेहुणा घामाघूम, आनंदात. "भाऊजी, आपले लोक अडाणी आहेत म्हणतात! पाहा, संशोधनाला कसे पुढे येतात!" पुढच्या आठवड्यात सासऱ्यांच्या घरी स्थळांची अशी रीघ लागली की त्यांनी पाटीवरच्या कोऱ्या जागेचा विषय काढायचंच सोडलं. मेहुण्याला खरा प्रकार कळला तेव्हा तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या गावच्या मंडईला टेबल घेऊन गेला. जागा दिल्लीची होती, लाज गावची होती.

हसणं तिथवरच होतं. टेबलाशी आलेल्यांत एक मुलगी होती, तिचं लग्न आधीच ठरलेलं होतं. मैत्रिणींबरोबर गंमत म्हणून तिनेही बोट पुढे केलं. काचेवर विळा दिसला. मेहुण्याने तिच्या बापाला नीट सांगितलं की मुलगी धडधाकट आहे, तिला काही होणार नाही, फक्त होणाऱ्या नवऱ्याचंही रक्त एकदा पाहून घ्या. बापाने त्यातलं एवढंच ऐकलं की रक्तात काहीतरी आहे. संध्याकाळपर्यंत साऱ्या मंडईत झालं की डॉक्टरानं पोरगी नापास केली. चौथ्या दिवशी मुलाकडून निरोप आला की लग्न मोडलं.

ती खबर घेऊन तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा पाहवत नव्हता. "मी रोग शोधायला गेलो होतो, भाऊजी, आणि माणूस बिघडवून आलो." मग म्हणाला, "चला." मास्तर बरोबर असला की वजन पडतं अशी त्याची भाबडी समजूत होती, म्हणून मी त्याच्या सायकलीच्या मागे बसलो. मुलाचं घर दोन कोसांवर होतं. अंगणात खाट टाकून दिली, पाणी आलं, शेजारपाजार जमला. मेहुणा उभ्यानेच बोलत होता, जमिनीवर काडीने गोल पेशी आणि वाकड्या पेशी काढत होता. मुलाच्या बापाने शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बराबर हाये डाक्टरसाहेब. पन तुमी कराल का असं रक्त आपल्या घरात?"

मेहुणा थांबला. हातातली काडी त्याने टाकून दिली. "माह्या घरात हाये जी," तो म्हणाला. "माह्या आंगात हाये. टेबल मांडाच्या आधी पह्यली काच मी माह्याच रक्ताची पायली होती."

मला हे माहीत नव्हतं. त्याच्या बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोलाही माहीत नव्हतं. मग ज्याचं लग्न मोडलं होतं तो मुलगा स्वतःच उठून आला आणि त्याने बोट पुढे केलं. त्याचं रक्त साफ निघालं, भीतीचं कारण उरलं नाही, आणि उन्हाळ्यात ते लग्न वाजत गाजत झालं. आम्हाला अक्षतांचं बोलावणं होतं.

पण अंगणात बोललेलं अंगणात राहत नाही. सासऱ्यांकडची स्थळं जशी आली तशी गेली. "माह्या रक्तात खोट काढली पोट्ट्यानं, तेबी चारचौघात," म्हणून ते कितीतरी दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. माझ्या बायकोला तपासणीचं विचारलं तर ती म्हणाली, "मले दोन लेकरं झाले. आता पाहून का करू?" आणि भात टाकायला आत गेली. गावांची दारं बंद झाली. मेहुण्यानेही कानाला खडा लावला की ज्याला सारं समजलं नाही त्याला सुई लावायची नाही. आता एका घराला समजावण्यात त्याची अख्खी दुपार जाई. सरांनी वाट पाहिली, मग त्यांनाही थांबता येईना. दिल्लीची जागा त्याच्याच वर्गातल्या एकाला मिळाली. त्या दिवशी तो आमच्याकडे जेवायला होता. "जागा गेली, भाऊजी," म्हणाला आणि पुन्हा भात मागितला. मला फार वाईट वाटलं. एकाच गोष्टीपाशी थांबायला शिकलेला माणूस, आणि तीच गोष्ट त्याला मिळू नये.

पुढे तो त्याच तालुक्यात सरकारी डॉक्टर म्हणून राहिला. सायकलीची स्कूटर झाली, त्याच्या मंडयांच्या वाऱ्या सुटल्या नाहीत. टेबल तो पुन्हा मांडत नसे. दंडारीच्या घोळक्यात बसे, पाच मिनिटांत उठे, दुसऱ्या अंगणात जाई, कोणाच्या तरी म्हातारीला विळ्याची गोष्ट सांगे. एका दूरच्या गावच्या शाळामास्तरीण बाईंनी सगळं ऐकून त्याच्याशी लग्न केलं. हळूहळू असं झालं की आमच्या भागात सुपारी फुटायच्या आधी लोक आपणहून म्हणू लागले, "डाक्टरले दाखवलं का?" त्या म्हातारीने मंडईत जे सांगितलं होतं ते दहा वर्षांनी खरं झालं. याला वैद्यकशास्त्राची कोणती शाखा म्हणतात ते मला ठाऊक नाही. पेंटरलाही ठाऊक नव्हतं.

मग माझ्या मुलीला स्थळ आलं. मुलगा चांगला, घर माहितीतलं. ती स्वतःच म्हणाली, "मामा, माझंही पाहून घे." ज्याने अर्ध्या तालुक्याची बोटं टोचली, त्याला भाचीचं बोट धरवेना. तीन वेळा त्याने कापूस बदलला. काच तयार झाली, पण औषधाचा परिणाम दिसायला वेळ द्यावा लागतो. तो खुर्चीत बसला. पाय हलवत नव्हता, उठून अंगणात गेला नाही, समोर ठेवलेला चहा निवून गेला. जन्मभर ज्याने मला स्वस्थ बसू दिलं नाही तो इतका स्वस्थ बसला होता की मलाच बसवेना, मी दारापर्यंत जाऊन जाऊन परत येत होतो.

"दिल्लीत असतो तर बरं होतं, भाऊजी," तो हळूच म्हणाला. "तिथं काचेवर नुसता नंबर राहते."

मग त्याने डोळा लावला. बराच वेळ पाहिलं. बायको स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी होती. त्याने मान वर केली, आधी बहिणीकडे पाहिलं आणि मग भाचीकडे.

"माह्यावर गेली वं तू," तो म्हणाला.

नाकावरून, हट्टावरून, भरभर चालण्यावरून ती हे वाक्य लहानपणापासून ऐकत आली होती आणि दर वेळी चिडत होती. या वेळी चिडली नाही. त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "बरं झालं. आता त्या मुलाचं कधी पाहतोस?"

"आत्ताच निघतो," तो म्हणाला, आणि तिचा हात धरून कितीतरी वेळ तिथेच बसून राहिला.