राखीवाचा राखीव

रोह्याची फरझाना काटकसरीत कुणाला हार जायची नाही. भेटवस्तूचा कागद इस्त्री करून परत वापरणार. फोन फुकट झाले तरी अब्बांना निरोप मिस्ड कॉलनेच. अशी पोरगी प्रोग्राम लिहायला लागल्यावर मेमरी तरी कशी उधळेल?

पेणच्या इंदुबाईंच्या गणपती कारखान्यात तिनं मूर्तींना लावायच्या नावांच्या चिठ्ठ्या छापायचा, पीएचपी भाषेतला प्रोग्राम बसवला. मी तिच्या कॉलेजातला, म्हणून प्रिंटर उचलायला. त्या दिवशी मूर्तींची पहिली गाडी भरायची होती.

"आज चालला तर ठेवीन," इंदुबाईंनी बजावलं. "नायतर नावं लिहायला आमचा खडू बरा."

तिकडे अब्बांनी तिच्यासाठी धाटावच्या कंपनीत नोकरीसाठी शब्द टाकून ठेवलेला. एक रिंग म्हणजे धाटाव, दोन म्हणजे इंदुबाईंनी प्रोग्राम ठेवला.

वाटेत सोंड-बिंड दुखावली तर म्हणून इंदुबाई प्रत्येक ऑर्डरमागे एक राखीव मूर्ती देतात. फरझानाचा लूप, म्हणजे यादीतली एकेक ओळ घेऊन चिठ्ठी छापणारा प्रोग्रामचा तुकडा, जाता जाता प्रत्येक ऑर्डरचा राखीव यादीच्याच शेवटी जोडत होता.

ऑर्डरी छापून झाल्या. राखीव झाले. मग आला ‘राखीवाचा राखीव’. मग ‘राखीवाच्या राखीवाचा राखीव’.

"गो फरझाना, एवढे गणपती बसवायचे कुठं?" इंदुबाई ब्रश घेऊन ओरडल्या. रंगारी जनूनं चिठ्ठ्यांची माळ गळ्यात घातली अन् नाचायलाच लागला. मी प्रिंटरची वायर उपटली.

"लूपमध्ये अँडचं चिन्ह (&) कशाला घातलंस?" मी विचारलं.

"नाय घातलं तर पीएचपी यादीची नक्कल काढून फिरतं. फुकटची मेमरी जाते!"

"म्हणून खऱ्या यादीवरच फिरतेयस? शेपूट तूच वाढवायचं, अन् तूच त्याच्यामागं धावायचं!"

तिनं दाढ उपटावी तसं ते चिन्ह काढलं. मग मोबाइलवर काहीतरी वाचलं आणि किंचाळली.

"अरे, हे पीएचपी तर माझ्याहून चिकट हाय! उगाच नक्कल काढतच नाय. यादी किती जणांनी धरलीय तेवढं मोजतं. लूपनं धरली की आम्ही दोघं. मी राखीव जोडायला गेले की तेव्हा, अन् एकदाच, मला वेगळी यादी करून देतं. लूप बिचारा जुनीवरच!"

वेगळ्या यादीतले राखीव शेवटी एकदा छापायला तिनं एक ओळ घातली, अन् मी वायर जोडली. ऑर्डरी. राखीव. प्रिंटर गप्प.

"मेला काय?" जनू.

"नाय रे, लूप संपला!"

इंदुबाईंनी खडू जनूच्या खिशात टाकला. "ठेव गो तुझं यंत्र."

फरझानानं दोन रिंगा दिल्या. लगेच अब्बांचा फोन. दुसरी चुकून तर नाही ना गेली, म्हणून असणार. तिनं उचलला नाही. कापला, आणि पुन्हा दोन दिल्या.