दहावा खेळ संपल्यावर

टीव्हीवर डेकॅथलॉन चालू होती, एकाच खेळाडूनं दोन दिवसांत दहा खेळ खेळायचे. भालाफेकीआधी एस्टोनियाचा एक उंच गडी टोपी तोंडावर ओढून गवतावर चक्क झोपला होता. समालोचक म्हणाला, ही त्याची शेवटची स्पर्धा.

"अहो, मग झोप लागते कशी याला?" बायकोनं विचारलं.

इतकी वर्षं दहाही खेळांना पुरलेला, एकातही पहिला न आलेला हा माणूस. त्याच्या स्वप्नात फेकलेला भाला बहुधा खाली येतच नसेल.

शेवटची शर्यत संपली, सगळे ट्रॅकवरच कोसळले. हाच आधी उठला आणि एकेकाला हात देत गेला. मग सगळेच हात धरून मैदानाला फेरी मारायला निघाले.

"जिंकलं कोण?"

"आहे त्यांच्यातलाच कुणीतरी," मी म्हणालो.