आवाज माझा, चेहरा तिचा

"पडद्यामागं बस. माईक तिथंच दिलाय. पुढं यायचं नाही," काका म्हणाले.

चेन्नईतला भाड्याचा हॉल. आमच्या इराणी समाजाचा कार्यक्रम. स्टेजवर माझी चुलतबहीण, इराणातल्या यझ्दच्या बायकांसारखा झगा घालून. तिनं नुसते ओठ हलवायचे. गोष्ट मी सांगायची.

"मी का नाही पुढं?"

"आरशात बघितलंयस स्वतःला? साडी नेसून आलास! पाहुणे आलेत. शोभा करू नकोस."

आलास.

आम्ही पुण्याचे इराणी, घरात मराठी. काकांनी चेन्नईत बेकरी काढली, बाबा तिथं पाव भाजायचे. भाजता भाजता यझ्दच्या जुन्या गोष्टी सांगायचे. त्या मी एकटीनंच ऐकल्या. मी बाई म्हणून राहायला लागले, तेव्हा काकांनी मला हाकललं. बाबा गेले, तर शेवटचं तोंडही बघू दिलं नाही. मी अंबत्तूरला खोली घेऊन राहिले. आता गोष्टी हव्या होत्या, म्हणून बोलावणं.

आणि मी बसले. बाबांची गोष्ट कुणीतरी ऐकेल, एवढ्या हावेपोटी.

जमिनीखाली कालवे खोदणाऱ्याच्या मुलीची गोष्ट. सुभेदार तिच्या बापाला कालव्यातच गाडतो. ती बापाची कुदळ उचलते. टाळ्या पडल्या. बहिणीला. काका मोठ्यानं म्हणाले, "बघा, आमच्या पोरीनं सगळं जपलंय!"

माझ्या अंगाची आग झाली. मी गप्प झाले.

बहिणीचे ओठ हलतच राहिले. कुणीतरी फिस्सकन हसलं. काका धावत आत आले, घामानं थबथबलेले. "बोल! अरे, बोल ना!" मी त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. मजा आली मला. लपवत नाही.

मग पडदा सारून पुढं गेले.

"ही माझ्या बाबांची गोष्ट. मी त्यांची मुलगी."

काकांनी माईक बंद करवला. मी उरलेली गोष्ट ओरडून सांगितली. मुलगी सुभेदाराच्या बागेचं पाणी तोडते. बाग जळून जाईपर्यंत समोर उभी राहते. अर्धे लोक उठून गेले. उरलेल्यांनी ऐकली.

आठवड्यानं काकांचा फोन. "झालं गेलं सोड. सगळ्या गोष्टींची सीडी करून दे. समाजाच्या आहेत त्या."

"समाजानं मला हाकललं. गोष्टी माझ्याबरोबर बाहेर पडल्या," म्हटलं, आणि फोन ठेवला.

आता चेन्नईजवळच्या कोवलमच्या मासेवाल्या बायकांना सांगते, तोडक्यामोडक्या तमिळमध्ये. माझ्यासारख्याच घरातून हाकललेल्या पोरींकडून शब्द न् शब्द पाठ करून घेते. यझ्द त्यांच्या तोंडी राहील. काकांच्या घरात नाही. त्यांच्या नातवंडांना हवी असेल गोष्ट, तर त्यांनी इथं यावं, या पोरींच्या पायाशी बसावं, आणि काकांच्या देखत मला मावशी म्हणावं.

तोवर एक शब्द देणार नाही.