जपून ठेवलेलं मशीन

कारखान्याच्या बसमध्ये बसले की ते आधी चष्मा काढून डब्याच्या पिशवीत ठेवायचे, सगळ्यांना जयभीम घालायचे आणि जाहीर करायचे, "मी जागा आहे, तुमचं चालू द्या." स्वारगेटनंतरच्या पहिल्याच सिग्नलला घोरणं सुरू झालेलं असायचं.

खडकीच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअरकीपर. नवी वस्तू पाकिटातून बाहेर निघाली की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. नवे हातमोजे मागितले, तर आधी जुन्यांची भोकं तपासत. घरी टीव्हीचा रिमोटसुद्धा प्लास्टिकमध्ये. तुमच्याही ओळखीत असं कुणीतरी असेलच.

त्यांचं घोरणं मध्येच बंद पडे. श्वाससुद्धा. मग अख्खी बस मोठ्याने आकडे म्हणायची, आणि घशातून आवाज करत श्वास परतला की टाळ्या. एकदा आम्ही पंचविसाच्या वर गेलो. मी म्हणालो, "अहो, आपण श्वास घ्यायला विसरलात."

डोळे न उघडता ते म्हणाले, "आठवला की घेतोच."

आकडे म्हणण्यात मीच पुढे असायचो. आज त्याची लाज वाटते.

रक्तदाब गोळ्यांना जुमानेना, तेव्हा डॉक्टरांनी त्यांच्या झोपेची तपासणी करवली. रिपोर्ट घ्यायला मी सोबत होतो. डॉक्टर म्हणाले, "श्वास अडकला की रक्तातला ऑक्सिजन उतरतो, हृदयावर ताण येतो. असंच सोडलंत तर ठोके बिघडतील, झटकाही येऊ शकतो." श्वास अडकू नये म्हणून रोज झोपताना नाकावर मास्क लावायचं, हवा सोडणारं मशीन त्यांनी घ्यायला लावलं.

महिन्याभराने मी विचारलं, "मशीन कसं आहे?"

"अगदी नवं," ते अभिमानाने म्हणाले. "खोक्यातच आहे. पाहुणे आले की दाखवतो."

"अहो, ते लावायचं असतं."

"फार त्रास झाला तर लावू की. आत्तापासून कशाला झिजवायचं?"

मी चिडलो, त्यांच्या घरी वहिनी तर रोजच चिडत. स्वारीने मात्र आम्हा दोघांना चहा पाजला आणि विषय बदलला.

दिवाळीनंतर एके दिवशी ते बसला आले नाहीत. झोपेतच हृदय बंद पडलं होतं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर वहिनींनी खोकं माझ्यापुढे ठेवलं. "भाऊजी, हे कसं चालतं ते एकदा दाखवा."

मी मास्कवरचं प्लास्टिक फाडलं, नळी जोडली, बटण दाबलं. बारीक आवाज करत हवा येऊ लागली. वहिनींनी मास्कसमोर तळहात धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

"एवढंच होतं होय?" त्या म्हणाल्या.